चतुराबाईंचा नेम आणि आकाशातल्या जोड्या

शेंद्र्यात नवी सून नांदायला आली की नळाला पाणी कधी येतं हे तिला नंतर कळायचं, चतुराबाई कोण हे आधी. कळायचं म्हणजे काय, ऐकूच यायचं. गल्लीच्या या टोकाला कुणी लोणच्याला मीठ लावत असलं की त्या टोकाहून बाईंचा आवाज यायचा, कमी पडतंय गं. आणि मेलं ते खरंच कमी पडत असायचं. त्यामुळं चतुराबाईंनी म्हणावं आणि बाकीच्यांनी री ओढावी, असं सगळं बसून गेलं होतं. पोराचं नाव काय ठेवायचं, बोअर कुठं घ्यायचा, खोकल्याला अडुळसा द्यायचा का दवाखाना गाठायचा, सगळं त्यांना विचारून.

लग्नं जुळवण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेराव्याच्या पंगतीतसुद्धा त्यांची नजर पोरा-पोरींवरून फिरत असायची. ही ह्याच्या शेजारी शोभंल, एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, पुढच्या माघात मांडव पडलाच म्हणून समजा. अशी त्यांनी लावलेली लग्नं शेंद्र्यापासून पार कन्नडपर्यंत, म्हणजे त्यांच्या माहेरापर्यंत पसरली होती. त्यातली काही मोडली असतील, नाही असं नाही. पण त्याबद्दल बाईंसमोर कुणी ब्र काढत नसे.

घरात नवरा काकासाहेब, मुलगा बन्सी आणि सून लक्ष्मी. निम्मी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा उरलेल्या निम्मीत काय पेरायचं हे चतुराबाईंनी ठरवलं, बन्सीनं कुठल्या कारखान्यात लागायचं हेही त्यांनीच ठरवलं. काकासाहेब भला माणूस. सकाळी शेताकडं जाताना आज टोपी घालू का पागोटं, एवढं विचारून निघायचे आणि दिवसभर मोकळे असायचे.

आणि मुलगी आशा. ती बारावीला चांगली पास झाली तेव्हा सगळ्या भावकीला वाटलं, आता बाई पोरीसाठी स्थळ काढतात. गावाची लग्नं जुळवणारी बाई घरची पोर कशी ठेवील? पण चतुराबाईंनी जाहीर करून टाकलं की पोर शिकंल, तिला वर आभाळातलं शिकायचंय तर तेच शिकंल. विषय संपला. काकासाहेबांच्या थोरल्या भावानं एकदा तोंड उघडून पाहिलं आणि परत मिटलं. आशा पुण्याला गेली, डॉक्टरेट झाली आणि शहरात येऊन एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली. तिथंच छावणी भागात खोली घेऊन राहायची, रविवारी स्कूटीवर घरी यायची. माय नसती तर मी आज कुठंतरी भाकऱ्या थापत बसले असते, असं ती कॉलेजात सांगायची. ते चतुराबाईंच्या कानावर आलं होतं. वरकरणी त्यांनी हूं केलं होतं, पण मनातून बाई फुलल्या होत्या.

ही पोर नेमकं करते काय, हे मात्र त्यांना धड सांगता येत नसे. एका रविवारी भाकरी खाता खाता आशानंच सांगितलं. आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, आणि असे मेळे आभाळात मोजता येणार नाहीत इतके. त्यांना दीर्घिका म्हणतात. काही चक्रीसारख्या चपट्या असतात, काही नुसत्या गोल गुबगुबीत. फिरता फिरता दोन दीर्घिका जवळ येतात, एकमेकींना ओढतात, त्या ओढाताणीत दोघींना ताऱ्यांची लांब शेपटं फुटतात आणि करोडो वर्षांनी दोघींची मिळून एकच होते. जुन्या काळात असं मिसळणं किती चालायचं, हे आशाला शोधायचं होतं. तेवढं कळलं तर आजच्या दीर्घिका अशा कशा झाल्या, हे सांगता येणार होतं.

चतुराबाईंनी घास तसाच हातात धरून विचारलं, म्हणजे वर पण जोड्या जुळतात म्हण की. आशा हसली आणि व्हय म्हणाली. तिथंच सगळी गफलत झाली, पण ते तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

आशापाशी मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेली हजारो चित्रं होती. ती चित्रं ओळखायला यंत्राला शिकवायचं, तर आधी माणसांनी डोळ्यांनी बघून सांगावं लागतं की ही एकटी, ही जोडी, ही काही कळत नाही. एकेक चित्र सात-आठ जणांनी वेगवेगळं बघायचं. सगळ्यांना सारखं दिसलं तर पक्कं, मतं फुटली तर शंका. कॉलेजातली पोरं हे काम खटाखट बटणं दाबून उरकत होती, चित्राकडं बघतसुद्धा नव्हती. आशाला बसून, नीट, दम धरून बघणारे डोळे पाहिजे होते. चतुराबाई म्हणाल्या, हात्तिच्या, डोळेच ना?

दुसऱ्याच दिवशी दुपारी पुढच्या खोलीत बायका जमल्या. सून लक्ष्मी होतीच. पलीकडच्या गल्लीतून जैतुनबी आली, ती गावाचे ब्लाऊज शिवायची आणि सुईत दोरा ओवायला अजून चष्मा लावत नव्हती. सारजाबाई आली, आणखी चार जणी आल्या. आशानं कुठून कुठून जुने टॅब गोळा करून आणले होते, प्रत्येकीला एकेक दिला. चित्र बघायचं आणि खालच्या तीन बटणांपैकी एक दाबायचं. एकमेकींचं बघायचं नाही, हे तिनं दोनदा बजावलं. आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का कॉपी करायला, असं म्हणून चतुराबाईंनी तिला चहा प्यायला पिटाळलं.

आणि खरंच, कुणीही कुणाच्या टॅबात डोकावलं नाही. त्याची गरजच पडली नाही. चित्र आलं की चतुराबाई मोठ्यानं म्हणायच्या, अगं ही बघा जोडी, कशी खेटून बसलीये. मग सात बोटं जोडीच्या बटणावर पडायची. यात लबाडी नव्हती हो. वडीलधाऱ्या बाईनं एक म्हटल्यावर आपण दुसरं म्हणायचं, हे त्या खोलीत कुणाला सुचण्यातलंच नव्हतं. मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे दुधाबरोबर पाजलेलं. आता त्यात ह्या दीर्घिका आल्या म्हणून रीत थोडीच बदलते.

उन्हाळा असाच मजेत गेला. बाया शेंगा सोलत, पापड लाटत आभाळ बघत होत्या आणि तिकडं आशाच्या आनंदाला पारावार नव्हता. एवढी एकमतानं आलेली उत्तरं तिनं कधी पाहिली नव्हती. जुन्या काळात दीर्घिकांचं मिसळणं आजवर वाटत होतं त्याहून कितीतरी जास्त होतं, असा निष्कर्ष निघत होता. तिनं तो लिहून काढला आणि संशोधकांच्या ज्या मोठ्या गटाबरोबर ती काम करत होती त्यांच्याकडं पाठवला. तिकडून गटाच्या प्रमुखांचा फोन आला. ते सभ्य माणूस होते, पण बोलले ते आशाच्या जिव्हारी लागलं. आठ माणसांना एवढं सारखं दिसत नसतं, हे आकडे खरे वाटत नाहीत, असं ते म्हणाले. वर्ष संपायच्या आत तिनं हे नीट करून द्यावं, नाहीतर तिचा भाग वगळून लेख पुढं जाईल. आकडे बनवल्याचा ठपका त्यांनी ठेवला नव्हता. पण आशाला तो ऐकू आला.

ती त्याच दुपारी शेंद्र्याला आली. कुणाला काही न बोलता स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि नुसतं बघत राहिली. चार-पाच चित्रं झाली असतील नसतील, तिच्या सगळं ध्यानात आलं. बायका घरोघर गेल्यावर ती आईजवळ जाऊन बसली.

"माय, ही आठ जणींची मतं नाहीत," ती म्हणाली. "हे तुझं एकटीचं मत आहे, आठ वेळा."

चतुराबाईंना आधी रागच आला. "मग? मी चुकले म्हणतेस का?"

"तू चुकलीस का बरोबर, तेच मला कळत नाही. सांगायला दुसरं कुणी आहेच कुठं?"

हे वाक्य चतुराबाईंना लई लागलं. आयुष्यात त्यांना चुकलात असं फारसं कुणी म्हटलं नव्हतं, आणि तेवढ्यानं आपण बरोबरच असतो असं त्या धरून चालल्या होत्या. पोरीच्या नावाला आपल्यामुळं बट्टा लागतोय, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. जी पोर आपण भावकीच्या नाकावर टिच्चून शिकवली, तिच्याच ताटात आपण माती कालवली, असं त्यांना वाटत राहिलं.

बरं, उपाय काही कमी केले नाहीत. आशानं सगळ्या बायकांना आपापल्या घरी बसायला सांगितलं. तर एकेक बाई खिडकीतून लक्ष्मीला हाक मारून विचारायची, तुझ्या सासूबाई याला काय म्हणल्या गं? ते बंद केलं, तर सारजाबाईनं मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं की काकू काय म्हणल्या असत्या ते ओळखून तिनं बटण दाबलंय. शेवटी चतुराबाईंनी सगळ्यांना बोलावून खडसावलं, की बायांनो, ज्याचं त्याचं मत द्या, माझ्या तोंडाकडं बघू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग लक्ष्मीनं हळूच विचारलं, "बरं आत्याबाई. मग माझं मत कोणतं सांगू?"

त्यावर जैतुनबी तोंडाला पदर लावून हसत सुटली. चतुराबाईंना मात्र हसू आलं नाही. लक्ष्मी या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, दोन लेकरांची आई होती, आणि तिचं मत म्हणून काही असतं हे आपण तिला कधी विचारलंच नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. त्या उठून आत गेल्या आणि उगाच डब्यांची झाकणं घट्ट करत बसल्या.

आषाढी एकादशी आली. शेंद्र्यातल्या बायका त्या दिवशी मारुतीच्या देवळात जमतात आणि चातुर्मासाचा नेम धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी पायात चप्पल घालत नाही. एकदा धरलेला नेम कार्तिकीपर्यंत मोडायचा नाही, आणि दुसऱ्याचा मोडायला लावणं तर त्याहून मोठं पाप. चतुराबाई दरसाल गूळ सोडायच्या, कारण तो त्यांना सगळ्यांत आवडायचा. सारजाबाईनं विचारलं, काकू, औंदा पण गूळच ना?

"औंदा मत सोडलं," चतुराबाई म्हणाल्या. "कशावरच मत देणार नाय. कार्तिकीपातूर."

बायकांना वाटलं चेष्टा करतात. पण बाईंनी हातातलं फूल देवाला वाहिलं होतं. आता फूल वाहिलं म्हणजे वाहिलं. जैतुनबीला संध्याकाळी कळलं तेव्हा ती म्हणाली, "आपा, ये तो जबान का रोजा हुआ. आमचा तरी सांजंला सुटतो, तुमचा चार महिने चालायचा."

नेम नुसत्या दीर्घिकांपुरता धरला असता तर सोपं होतं. पण अर्धामुर्धा नेम चतुराबाईंच्या स्वभावातच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब दारात उभे राहिले आणि टोपी का पागोटं म्हणून विचारलं. तुम्हाला वाटंल ते घाला, असं उत्तर आलं. बिचारे काकासाहेब दोन्ही हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी बोडक्यानंच शेताला गेले. गल्लीतली एक बाई बारशाचं नाव विचारायला आली आणि तशीच परत गेली. बन्सीनं घराला रंग द्यायचा काढला. कोणता द्यायचा ते आईनं सांगेना म्हणून त्यानं बायकोला विचारलं. लक्ष्मीनं दोन दिवस विचार केला, मग म्हणाली, जांभळा.

जांभळा! चतुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून बरं. पुढची खोली त्यांच्या डोळ्यांदेखत जांभळी झाली आणि त्या तोंडात मूग धरून बसल्या. डाळीला मीठ जास्त पडलं तरी गप्प, दोन पोरं गल्लीत अगदी जोडीला शोभतील अशी दिसली तरी गप्प. पहिला महिना फार वाईट गेला. आपल्यावाचून गल्ली अडून राहील असं त्यांना वाटलं होतं, तर गल्लीचं काही अडेना. पापड बिघडले नाहीत, लेकरांना नावं पडली, खोकले आपापले बरे झाले. एकदा मोरीत भांडी घासता घासता त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्या आत आल्या आणि पडल्या, तर कधी नव्हे ती दुपारची गाढ झोप लागली. उठल्यावर अंग कसं हलकं वाटलं. हे सुख आपल्याला एवढी वर्षं ठाऊकच नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तशाच झोपल्या.

पुढच्या खोलीत मात्र झोपायची सोय राहिली नाही. चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली होती. चतुराबाईंनी स्वतःचा टॅब परत दिला होता आणि त्या कोपऱ्यात वाती वळत बसायच्या. पहिले काही दिवस सगळ्या जणी चित्र आलं की कोपऱ्यात बघायच्या. कोपऱ्यात नुसत्या वाती. मग नाइलाजानं त्या चित्राकडं बघायला लागल्या. आधी जैतुनबीला धीर आला. तिनं बटण दाबलं आणि सगळ्यांचं दाबून झाल्यावर म्हणाली की हे काय जोडी नाय, एक पुढं हाय आणि एक लांब मागं, नुसतं खेटल्यासारखं दिसतंय. सारजाबाई म्हणाली, मागं कसं, शेपूट दिसत नाय का तुला? झालं. त्या दुपारी दोघी तासभर भांडल्या, चहा थंड झाला. आशानं सांगून ठेवलं होतं की भांडायचं तर सगळ्यांची बटणं दाबून झाल्यावर भांडा, आणि ते एक त्यांनी पाळलं. लक्ष्मी सगळ्यांत हळू. ती बोलायची नाही, पण चित्राकडं बघत बसायची आणि मग एकदम बटण दाबायची.

वाती वळता वळता चतुराबाई ऐकत होत्या. आपल्याला जी चित्रं बघताक्षणी जोडी वाटली होती, त्यांवर या बाया असं भांडतायत, हे त्यांना पहिल्यांदा झोंबलं. पुढं पुढं त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. सारजाबाई एवढी बोलू शकते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी आशा आली ती हसतच. त्या चित्रांतल्या बऱ्याच जोड्यांचा उजेड तपासून त्यांची खरी अंतरं काढून आली होती. चतुराबाईंच्या जोड्यांपैकी जवळपास निम्म्या जोड्या जोड्याच नव्हत्या. एक दीर्घिका इथं, तर दुसरी तिच्या कितीतरी मागं, दोघींची गाठ पडायची काही शक्यताच नाही. आणि नेमक्या त्याच चित्रांवर या खेपेला बायकांची मतं फुटली होती. जिथं बाया भांडल्या तिथं शंका घ्यायची, एवढंच तर शास्त्राला पाहिजे होतं. आशानं आधीची चूक कशी झाली तेही लेखात लिहून टाकलं, लपवलं नाही. प्रमुखांचा पुन्हा फोन आला. त्यांनी तिचा भाग घेतला होता, आणि लेखाच्या शेवटी आठही जणींची नावं आभारासह छापायची ठरली होती.

"माय, तू वरच्यांची पण लग्नं लावून टाकलीस," आशा म्हणाली. "एकमेकींना ओळखत पण नव्हत्या बिचाऱ्या."

काकासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. चतुराबाईही हसल्या. त्यांना यावर बरंच काही म्हणायचं होतं, पण नेम होता.

कार्तिकी आली. नेम सोडायची पण रीत असते. सोडलेली वस्तू आधी कुणाला तरी दान द्यायची, मगच आपण तोंडी लावायची. गुळाचा नेम असला की गूळ द्यायचा. मत कसं द्यायचं, यावर बायकांत दोन दिवस खल चालला होता आणि सगळ्या जणी ते बघायलाच जांभळ्या खोलीत जमल्या. आशाही आली होती. चतुराबाईंनी तिला एखादं चित्र लावायला सांगितलं, ज्याचा अजून निकाल लागला नाही असं. आशानं लावलं. दोन दीर्घिका, मधे काहीतरी धुरकट. सगळ्यांच्या माना सवयीनं चतुराबाईंकडं वळल्या.

चतुराबाईंनी चित्र नीट बघितलं. चार महिन्यांची तहान होती, त्यांना राहवेना. "मला तर ही जोडीच वाटती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लक्ष्मीकडं बघितलं. "तुला काय वाटतं?"

लक्ष्मीनं पदर सारखा केला. एकदा चित्राकडं बघितलं, एकदा सासूकडं.

"नाय, आत्याबाई," लक्ष्मी म्हणाली. "जोडी नाय ही. मधलं धुरकट ते मागचीचंच हाय. पुढचीला तर धक्कापण लागला नाय."

चतुराबाईंनी हात जोडून कपाळाला लावले, रीतीप्रमाणं.

"पोचलं गं बाई दान," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही.

आशानं ते चित्र शंकेत टाकलं. कोण बरोबर, ते उजेड तपासून आल्यावर कळणार होतं आणि सासू-सून दोघींनाही त्याची घाई नव्हती. लक्ष्मी चहा ठेवायला उठली. चतुराबाईंनी भिंतीकडं बघून सांगून टाकलं की हा रंग लई वाईट दिसतो. मला आवडतो, असं लक्ष्मीनं आतून सांगितलं, आणि भिंत अजून जांभळीच आहे.